मैत्रिणीच्या घरी राहून लंडन पाहताना

माझी सांगलीची कॉलेजमैत्रीण लंडनच्या हॅरो भागात राहते. दर दिवाळीला फोनवर तिचं एकच, "अगं, ये ना एकदा." शेवटी गेल्या मे महिन्यात मी गेले आणि तिच्याकडे अकरा दिवस राहिले. परत आल्यापासून निदान चार जणींनी विचारलं, "आम्हीही जायचं म्हणतोय, काय काय करावं लागतं?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढते आहे.

टूर कंपनीबरोबर जाणं आणि कुणाच्या घरी राहून फिरणं यात फार फरक आहे. टूरमध्ये आधी ठिकाणं ठरतात आणि मग दिवस. मैत्रिणीकडे जाताना सुरुवात तिच्या कॅलेंडरपासून करायची. तिला नोकरी आहे, मुलाची शाळा आहे, सोमवारचं धुणं आहे. हे पहिल्याच दिवशी लक्षात घेतलं तर सहल छान होते, नाहीतर चौथ्या दिवशी दोघींनाही अवघडल्यासारखं होतं.

तिकिटाआधी एक निवांत फोन

या फोनवर स्पष्ट विचारायचं. किती दिवस राहिलेलं चालेल? तुला रजा कधी मिळेल? मुलाच्या परीक्षा कधी आहेत? त्याच सुमारास सासरचं कुणी येणार आहे का? ब्रिटनमध्ये पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची भरपगारी रजा मिळते, पण त्यात सार्वजनिक सुट्ट्याही धरलेल्या असू शकतात. उरलेल्यातला मोठा भाग तिने भारतात येण्यासाठी राखून ठेवलेला असतो. आपल्यासाठी तिने त्यातले दोन दिवस काढले तरी खूप झाले. "आठवडाभर रजा टाक ना" असं मागू नये.

मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टी असते. ऑगस्टचा शेवटचा सोमवारही. त्याला जोडून गेलं तर तिची रजा न मोडता सलग तीन दिवस एकत्र मिळतात. उजेडाचाही हिशोब करा. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच अंधार पडतो. ख्रिसमसची रोषणाई बघायची नसेल तर हिवाळा टाळा, विशेषतः पहिल्यांदा जाताना.

व्हिसा

लागतो तो पर्यटक म्हणून जाणाऱ्यांचा, सहा महिन्यांपर्यंत राहू देणारा व्हिसा. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी. मग पुण्याच्या किंवा मुंबईच्या केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा. तिथून साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी असते, म्हणून हाताशी वेळ ठेवा. व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

मैत्रिणीचं निमंत्रणपत्र साध्या कागदावर चालतं. त्यात तिचं नाव, पत्ता, ती तिथे नागरिक म्हणून राहते की परवान्यावर, तुमची ओळख कधीपासूनची, तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तिच्याकडे राहणार आणि खर्च कोण करणार हे असावं. सोबत तिच्या पासपोर्टची किंवा राहण्याच्या परवान्याची प्रत आणि घराच्या पत्त्याचा पुरावा. खर्च ती करणार असं लिहिलं असेल तर तिच्या पगाराच्या स्लिपाही लागतील. मी स्वतःचा खर्च स्वतःच दाखवला, त्यामुळे तिच्यामागे कागदपत्रांची धावपळ लागली नाही.

आपल्या बाजूने सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र. हा माणूस परत येणार आहे, हे कागदावरून दिसायला हवं. अर्जाच्या आठ दिवस आधी भावाकडून तीन लाख खात्यात घेतलेत तर ते उठून दिसतं, आणि त्याचा खुलासा नसेल तर अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो. सातबारा किंवा मराठीतलं दुसरं कुठलं कागदपत्र जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीसह, सोबत लावावंच लागतं.

एक गोष्ट अनेकांना तिकडे पोचल्यावर कळते आणि वाईट वाटतं. या व्हिसावर स्कॉटलंड आणि वेल्स पाहता येतं, पॅरिस नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा, आणि तोही भारतातूनच काढून न्यायचा.

बॅग आणि काकूंचा डबा

तुम्ही निघणार हे कळलं की मैत्रिणीची आई काहीतरी पाठवणारच. काकूंनी माझ्याकडे भडंग, सांगलीची हळद, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी दिली. हे सगळं बिनधोक गेलं. त्यांनी घरचं तूपही बाटलीत भरून ठेवलं होतं, ते मात्र मला नको म्हणावं लागलं. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर यातलं काहीही बॅगेत नको. काकूंना हे समजावताना मलाच वाईट वाटलं, पण विमानतळावर तूप कचऱ्यात गेलेलं त्यांना ऐकावं लागलं असतं तर ते जास्त लागलं असतं.

नेमकं काय हवं ते मैत्रिणीलाच विचारा. हॅरो-वेम्बली भागात गुजराती दुकानांत तूरडाळ, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं. मिळत नाही तो घरच्या हातचा गोडा मसाला, लसणीची चटणी, मुलाच्या मापाचा झब्बा, नवी मराठी पुस्तकं. माझ्या मैत्रिणीने दिवाळी अंक मागवले होते, मागच्या वर्षीचे सुद्धा चालतील म्हणाली.

स्वतःसाठी पातळ कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या. मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी काढावासा वाटतो. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट जॅकेट बरं, कारण पाऊस बारीक असतो आणि वारा जोराचा. आपला गोल पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर न्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. प्रवासविमा काढाच. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर पाहुण्याला खर्च भरावा लागतो आणि तो फार मोठा असतो.

उतरल्यावर

हीथ्रो विमानतळावर अधिकारी विचारतात कुठे राहणार, किती दिवस, कुणाकडे. मैत्रिणीचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून हातात ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. परतीचं तिकीट आणि निमंत्रणपत्राची प्रत हातातल्या बॅगेत असू द्या.

"न्यायला ये" असं मैत्रिणीला म्हणू नये. कामाच्या दिवशी तिला अर्धा दिवस जातो. हॅरोला जाणारी एसएल९ ही जलद बस हीथ्रो सेंट्रलहून सुटते आणि तासाभरात थेट हॅरोला सोडते. २०२५ मध्ये लंडनच्या बसचं एका प्रवासाचं भाडं १.७५ पौंड होतं. टॅक्सीला याच्या कितीतरी पट पडले असते. तिचं घर दुसऱ्या भागात असेल तर पिकॅडिली लाइन किंवा एलिझाबेथ लाइनची रेल्वे बघा, पण बाहेर पडण्याआधी तिलाच विचारा. रोज प्रवास करणाऱ्याला नकाशापेक्षा जास्त कळतं.

तिच्या घरात

हा भाग कुणी सांगत नाही, म्हणून थोडा सविस्तर लिहिते.

तिकडची घरं लहान असतात आणि आतली जमीन बहुतेक लाकडाची. बाथरूममध्ये जमिनीला मोरीसारखा उतार किंवा जाळी नसते. टबाच्या किंवा काचेच्या बाहेर पाणी सांडलं तर ते खालच्या मजल्याच्या छतात मुरतं. बादली-तांब्याची सवय असेल तर आधी मैत्रिणीकडून बघून घ्या. आंघोळ झाल्यावर फरशी टॉवेलने कोरडी करून ठेवायची. बेसिनला गार आणि गरम पाण्याचे दोन वेगळे नळ असतात, गरम पाणी खरंच चटका देणारं असतं.

स्वयंपाकघरात धुराचा अलार्म. मी पहिल्या रविवारी तिला विश्रांती म्हणून आमटी करायला घेतली. तेल तापलं, मोहरी तडतडली, लाल मिरची टाकली आणि घरभर कर्कश शिट्टी सुरू झाली. तिचा मुलगा सरावाने टॉवेल घेऊन धावत आला आणि अलार्मखाली हलवायला लागला. तेव्हापासून मी फोडणी देताना आधी चिमणीचा पंखा लावला, खिडकी उघडली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मिरची शेवटी टाकायची, ठसका कमी उठतो.

घड्याळाचंही एक असतं. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारला टक्क जाग येते आणि सगळं घर झोपलेलं असतं. कपाटं उघडू नका, चहासाठी खुडबूड करू नका. रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून खोलीत ठेवा. उजाडलं की किल्ली घेऊन जवळच्या बागेत चक्कर मारा. मला या पहाटेच्या फेऱ्या अजून आठवतात. दूधवाला नाही, रिक्षा नाही, नुसते पक्षी.

कार्ड, बस, ट्यूब

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. टॅप करून पैसे देण्याचं बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं लंडनच्या प्रवासाचं कार्ड, लागतं. आपलं कार्ड वापरणार असाल तर निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, दोन्ही सुरू करा. दरवेळी परकीय चलनाचं शुल्क लागतं, म्हणून पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड बरं पडतं. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. दुकानातल्या मशीनवर रुपयांत की पौंडांत असं विचारलं तर पौंड निवडा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टॅप करायचं, बसमध्ये फक्त चढताना. आणि दिवसभर एकच वस्तू वापरायची. मी एकदा आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर येताना पर्समधलं तेच कार्ड. यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात, त्यामुळे दोन अर्धवट प्रवास धरले गेले आणि दोन्हींना सर्वांत जास्त भाडं लागलं. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. अकरा वर्षांखालची मुलं मात्र मोठ्यांबरोबर ट्यूबने फुकट जातात.

दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, ती गाठली की त्या दिवशी पुढचा प्रवास फुकट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ गर्दीचं भाडं असतं. पाहुण्याने त्या वेळात ट्यूबमध्ये शिरूच नये, भाडंही जास्त आणि कामावर जाणाऱ्यांची अडचणही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्या लोकांसाठी. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असते, ते आदल्या रात्री बघून ठेवा.

हॅरोहून गावात जाणारी मेट्रोपॉलिटन लाइन ही जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेची वारस आहे. ती १८६३ मध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली. रोज त्या गाडीत बसताना मला याचं अप्रूप वाटायचं.

सोमवार ते शुक्रवार, एकटीने

तिला रजा नाही त्या दिवशी आपण आपलं फिरायचं. लंडन त्यासाठी उत्तम शहर आहे, कारण मोठी राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, आणि साउथ केन्सिंग्टनला एकमेकांना लागून असलेली तीन: विज्ञानाचं, निसर्गाचं, आणि कलावस्तूंचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे व्ही अँड ए.

ब्रिटिश म्युझियम एका दिवसात बघून होत नाही, तसा प्रयत्नही करू नका. दोन तास, दोन दालनं. मी अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट पाहिले. चुनखडीच्या दगडात कोरलेली माणसं, हत्ती, बोधिवृक्ष, आणि बाहेर रिमझिम पाऊस. आपल्याकडचं इतकं सुंदर काही तिथे काचेआड बघताना मन भरून येतं आणि जडही होतं. व्ही अँड एमध्ये टिपू सुलतानचा लाकडी यांत्रिक वाघ आहे. वाघनखं बघायला जाणार असाल तर आधी चौकशी करा. ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली गेली.

शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं आणि व्ही अँड ए दहापर्यंत. मैत्रीण ऑफिसातून थेट तिथे येऊ शकते, रजा टाकावी लागत नाही. आम्ही तेच केलं. इतकी वर्षं लंडनला राहून ती व्ही अँड एमध्ये पहिल्यांदाच आली होती.

टॉवर ऑफ लंडनला तिकीट आहे आणि ते महाग आहे. ऑनलाइन काढा, उघडण्याच्या वेळेला पोचा आणि बाकी काही न बघता आधी राजमुकुटांच्या दालनात जा. कोहिनूर तिथे आहे. अकरानंतर तिथली रांग नकोशी होते. ग्रिनिचला शून्य रेखांशाची वेधशाळा आहे. टेकडीवरून दिसणारं शहर फुकट, आत जायला तिकीट. परतताना थेम्स नदीखालून चालत जाण्याचा १९०२ सालचा बोगदा आहे, तो चुकवू नका.

एक दिवस आपल्या माणसांच्या मागावर

माझा सगळ्यांत आवडता दिवस हा. कुठल्याही टूरच्या यादीत तो नसतो, म्हणून वाट नीट सांगते.

बेकरलू लाइनच्या वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरा. थोडं चाललं की हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता लागतो. १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक इंग्लंडला आले, तेव्हा १९१८-१९ मध्ये ते इथे राहिले. घर खासगी आहे. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं नाही, बेल तर अजिबात वाजवायची नाही.

जवळच कालवा आहे, त्या भागाला लिटिल व्हेनिस म्हणतात. तिथून रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालत निघायचं. सुरुवातीला एका ठिकाणी कालवा बोगद्यात शिरतो आणि काठाची वाट संपते. तिथे गोंधळून मागे फिरू नका. वर रस्त्यावर येऊन सरळ चालत राहिलं की पुढे पायऱ्यांनी पुन्हा पाण्याशी उतरता येतं. पुढे रीजंट्स पार्कच्या कडेने झाडी, रंगवलेल्या लांबट होड्या, होडीच्या टपावर ठेवलेल्या कुंड्या. प्राणिसंग्रहालय दोन्ही काठांवर पसरलेलं आहे. ते ओलांडलं की वर येऊन प्रिमरोज हिल चढायची. टेकडी छोटीशी, पण माथ्यावरून अख्खं लंडन दिसतं. मी काकूंच्या भडंगाचा डबा तिथे उघडला. सोबत लिंबू-कांदा नव्हता, तरी चव कमी वाटली नाही.

टेकडीच्या पलीकडे उतरलं की दहा मिनिटांत १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केलं. आत जाता येतं, पण उघडण्याचे वार आणि वेळा आधी बघून घ्या. ज्या खोल्यांत रात्र-रात्र अभ्यास झाला तिथे उभं राहण्यासाठी मी दोन तास चालले होते. खिडकीतून बाहेर बघत मी बराच वेळ तशीच थांबले.

पाय चालत असतील तर चॉक फार्महून नॉर्दर्न लाइन धरून, कॅम्डन टाउनला गाडी बदलून हायगेटला जा. तिथे ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस ते हेच, आणि इथल्याच पाटीवर सावरकरांचं नाव आहे. हेही खासगी घर आहे, बाहेरूनच बघायचं.

शनिवार-रविवार तिचे

सुट्टीच्या दिवशी प्रेक्षणीय स्थळं नकोत. तिला विचारा, "तू एरवी शनिवारी काय करतेस?" आणि तेच करा. आम्ही तिच्या मुलाच्या फुटबॉलला गेलो, मग इलिंग रोडवर भाजी घेतली आणि चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीच्या मराठी मंडळींकडे जेवायला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. तुमच्या मुक्कामात त्यांचा एखादा कार्यक्रम असेल तर मैत्रिणीबरोबर जरूर जा. लंडनमधलं तिचं आयुष्य मला राजवाड्यांपेक्षा या दोन दिवसांत जास्त कळलं.

बाहेरगावी जायचं असेल तर केंब्रिज किंवा ब्रायटन. दोन्हीकडे रेल्वेने साधारण तासाभरात पोचता येतं. साडेनऊनंतरची गाडी स्वस्त पडते, आणि तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्हची सवलत मिळते. खरेदी रविवारवर ठेवू नका, मोठी दुकानं त्या दिवशी कायद्याने सहाच तास उघडी असतात.

पैशाचं आधीच बोलून टाका. ती जेवणाचे पैसे देऊ देणार नाही. मग आठवड्याचं किराणा-भाजीचं बिल आपण भरायचं, तेही काउंटरवर तिच्या आधी कार्ड टेकवून. हॉटेलच्या बिलात बहुतेक वेळा साडेबारा टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, वेगळी टिप लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

गादीवरची चादर, उशीचे अभ्रे काढून मशीनमध्ये लावा. फ्रीजमधलं आपण आणलेलं उरलंसुरलं संपवा. बॅगेचं वजन रात्रीच करा, सकाळी जमिनीवर बॅग पसरून बसायची वेळ येऊ देऊ नका. काकूंसाठी तिला काय पाठवायचं आहे ते विचारून त्याला जागा आधी ठेवा. माझ्या मैत्रिणीने एक लोकरीची शाल, मुलाने काढलेलं चित्र आणि काकूंचाच रिकामा भडंगाचा डबा दिला. डब्यात चॉकलेटं भरली होती, आणि झाकणाच्या आत चिकटपट्टीने चिठ्ठी लावली होती: "आई, डबा परत पाठव."